बोरीचा तुकडा

"संगोपन केलेली मुलगी!"

बनाबाईंनी वंशावळीचा तो मसुदा इतक्या जोरानं टेबलावर आपटला की कपातला चहा बशीत सांडला. समोर मुकुंद मान खाली घालून बसला होता. याच धाकट्या भावाच्या इंजिनीअरिंगसाठी त्यांनी आलेली स्थळं एकामागून एक परत पाठवली होती, सोलापुरात एका खोलीत राहून शाळेतल्या नोकरीवर त्याला शिकवलं होतं... आणि आज तोच घराण्याच्या वंशावळीत 'धुळा व बजाबाई यांचे एकुलते एक अपत्य, मुकुंद' असं छापायला निघाला होता!

"अक्का, मला काय हौस हाय का?" तो चाचरत म्हणाला. "पण सगळी भावकी तेच म्हणती. धोंडिरामदादा तर शपथेवर सांगतो, आईला हळद लागली तवा तू तिच्या काखंत हुतीस. आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेची खानेसुमारी मी स्वतः पाहिली की! सांगोल्याकडच्या आपल्या गावच्या कागदात आबांचं नाव न्हाय, आईचं न्हाय, तुझं न्हाय."

"माझं नाव खोडायचं तर खुशाल खोड! पण ह्या एका ओळीनं तू आपल्या आईला काय म्हणालास, ते कळतंय का तुला?"

मुकुंद उठला. चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

त्या माउलीनं काय कमी सोसलं होतं? भावकीत कुणाच्या घरी हळद कुटायला बायका जमल्या की बजाबाईच्या हातात मुसळ कुणी देत नसे. ती कोपऱ्यात बसून राही आणि घरी येऊन लेकीला कुशीत घेऊन म्हणे, "तू वाड्यावर जन्मलीस बाळा, तुझ्या आबाच्या घोंगड्यावर. लोक काय बी म्हणू देत!" ते 'काय बी' गिळत गिळतच ती गेली. आता तिच्या मागं तेच पुस्तकात छापून घराघरात वाटायचं? छे! बनाबाईंच्या देहात प्राण असेपर्यंत ते होणं नव्हतं.

त्यांनी जुने कागद धुंडाळायला सुरुवात केली. या कचेरीतून त्या कचेरीत खेटे घालून अखेर टेंभुर्णीकडच्या त्याच खानेसुमारीतल्या एका पानाची नक्कल त्यांच्या हाती लागली. मोडी वळणाचं घाईचं अक्षर... धुळा, बायको बजा, तान्ही मुलगी, पुतण्या धोंडी. बनाबाईंचे डोळे भरून आले. पण ठिकाणाच्या रकान्यात घोटाळा होता. नावाचा आरंभ ओलीनं फुगला होता आणि शेवट वाळवीनं खाल्ला होता. मधली अक्षरं तेवढी शिल्लक होती.

मुकुंदनं गावांची सारी यादी चाळली आणि सुटल्यासारखा म्हणाला, "असं गावच न्हाय जिल्ह्यात, अक्का. हा कुणी दुसरा धुळा असंल. धुळा, बजा, धोंडी नावाची माणसं काय थोडी हायेत आपल्यात?"

भिंग घेऊन बनाबाई त्या पानावर वाकत. गावांची नावं एकेक करून त्या जागेत बसवून बघत, एकही बसत नसे. एका दुपारी चिडून त्यांनी ती ओळ सोडली आणि वरखालच्या ओळी वाचायला घेतल्या. कुणाचं ठिकाण ओढ्याकाठी, कुणाचं गुऱ्हाळाजवळ, कुणाचं देवळामागं... त्या अख्ख्या पानावर एकही गाव नव्हतं! घर नसलेल्या, उघड्यावर निजलेल्या माणसांचं ते पान होतं.

बनाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दोघं बहीणभाऊ मेंढपाळाची पोरं, आणि गाव शोधत बसली होती! दिवाळी सरली की कळप घेऊन निघायचं, कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची. शेताला खत मिळे, मेंढक्याला धान्य. आई म्हणे तो वाडा हाच. पावसाळ्यापर्यंत धनगराला दुसरं घर कुठलं? नोकऱ्या लागल्या, फ्लॅट झाले आणि आपण कोण होतो तेच विसरून बसलो, म्हणून त्यांना स्वतःचाच संताप आला.

दुसऱ्याच दिवशी त्या एकट्याच टेंभुर्णीच्या एसटीत बसल्या. बांधाबांधावर थांबून म्हाताऱ्या माणसांना शेतांची नावं विचारू लागल्या. शेवटी गुरुबसप्पा नावाच्या एका शेतकऱ्यानं ती मधली अक्षरं ऐकली आणि तो हसला. "बोरीचा तुकडा! आमचंच रान हाय की ते. आमच्या आज्याच्या वक्तापासनं मेंढरं बसत्यात तितं. एकदा वाड्यावर कुणी बाळंत झालती, तर आमच्या आजीनं चोळी नेली हुती म्हणं."

बनाबाई त्या काळ्या रानात मटकन खाली बसल्या आणि ढेकूळ मुठीत धरून ढसाढसा रडल्या. पण डोळे पुसून उठल्या तेव्हा त्यांच्या मनाचा निर्धार झाला होता.

सांगोल्याला भावकीचा मेळावा भरला. मांडवात पुढं पुरुष, मागं बायका. पुस्तक अजून छापून झालं नव्हतं. आज सर्वांसमोर वाचून मग ते छापायला जाणार होतं. मुकुंदनं माईक हातात घेतला, तोच बनाबाई बायकांमधून उठल्या आणि सरळ पहिल्या रांगेत, भावकीत सर्वांत वडील असलेल्या चुलतभावासमोर, धोंडिरामसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, माझ्या डोळ्यांत बघून सांग. खानेसुमारीच्या रातीला बोरीच्या तुकड्यात कोण कोण हुतं?"

ते नाव म्हाताऱ्यानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं, कोण जाणे!

"तुला... तुला कुणी सांगितलं हे?"

"सरकारी कागदानं. तुझं बी नाव हाय त्यात."

धोंडिरामच्या सुरकुतलेल्या गालांवरून आसवं ओघळू लागली.

"व्हय... हुतो मी तितं. काकीला कळा सुटल्या तवा मीच पळत जाऊन बाई बोलावली... काकानं लगीन आदल्या सालीच वाड्यावर लावलं हुतं गं. भावकीला बोलावणं न्हाय, गावची हळद न्हाय. माझा बा म्हणाला, हे लगीन आमी धरत न्हाय. मधला पावसाळा काका गावी आलाच न्हाय. मग फुडच्या पावसाळ्यात आल्यावर दोघास्नी पुन्यांदा हळद लावली, तवा कुटं भावकीत घेतलं. त्या हळदीला तू काखंत हुतीस. मी खोटं न्हाय बोललो, बना... अर्धंच बोललो."

"त्या अर्ध्यानंच माझी आई आयुष्यभर जळाली, दादा!"

धोंडिरामनं त्यांच्यापुढं हात जोडले. बनाबाईंनी ते खाली केले नाहीत, आणि झिडकारलेही नाहीत.

मुकुंद माईक टाकून धावत आला आणि लहान पोरासारखा बहिणीच्या पायांवर कोसळला. "अक्का, मला क्षमा कर... मी आईला... मी तुला..."

बनाबाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. सारं विसरून त्याला पोटाशी धरावं असं त्यांना वाटलं... आणि त्यांनी धरलंही, क्षणभर. मग दंडाला धरून त्याला उभं केलं, पडलेला माईक उचलून त्याच्या हातात दिला.

"वाच."

मुकुंदनं कागद उघडला. मसुद्यातल्या ओळीवर त्यानं पेनानं काट मारली. "धुळा आणि बजाबाई यांची... थोरली लेक..." हुंदक्यानं पुढचे शब्द अडले.

"रडू नको, मुकुंदा," बनाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. मागं बायका बसल्यात, त्यांच्यापतुर गेलं पायजे."