ताश्कंदातली केळी

ताश्कंदच्या हॉटेलात जेवणाला रिकामी खुर्ची एकच उरली होती आणि त्या खुर्चीशेजारी एक तरुण पोरगा बसला होता. तनुजा तिथंच थबकली. बियाणं कंपनीच्या टूरवर आलेल्या चाळीस दुकानदारांत ती एकटीच बाई! स्वतःचे गुडघे धरले म्हणून वडिलांनी, आबांनी, आपल्याऐवजी तिला पाठवलं खरं, पण मुदखेडहून निघताना बजावलं होतं, "गावात एकानं जरी बोट दाखवलं, तर दुकानाची चावी परत माझ्याकडं." ती चावी मिळवायला तिला दोन वर्षं लागली होती.

"बसा की, मी चावत न्हाई," तो म्हणाला. "मी आदर्श. औशाचा. विमानात सगळा रस्ता तुम्ही देवाचं नाव घेऊन राहिल्या होत्या ना?"

"तुम्ही ऐकून राहिले होते?"

"मीबी तेच करून राहिलो होतो..."

तिला हसू फुटलं, आणि लगेच तिनं चोरट्या नजरेनं आजूबाजूला पाहिलं. हसताना कुणी बघितलं असलं तर? ती बसली. समोरच्या ताटात कसलं तरी मांस होतं. तिनं ताट दूर सारलं. आदर्शनं पिशवीतून धपाटं काढलं, न विचारता तिच्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं... ते तिला गोड वाटलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

इतक्यात ढोल घुमले. लांब वेण्यांच्या नर्तकी गिरक्या घेत आल्या. माइकवाला थेट त्यांच्या टेबलाशी आला. तिच्या लाल ड्रेसकडं बघितलं, आदर्शकडं बघितलं आणि वाकून विचारलं, "केलिन? केलिन?"

आता तुम्हीच सांगा, केळीच्या बागांत वाढलेल्या मुदखेडच्या पोरीला काय ऐकू येणार? आपण जेवलो नाही म्हणून बिचारा केळी विचारतोय, असंच तिला वाटलं.

"हाव, हाव!" तिनं जोरात मान हलवली.

झालं की मग! "अहो, केलिन म्हणजे नवी नवरी!" मागून गाईड ओरडला. "आणि इथं 'हा' म्हणजे हो!" पण तोवर नर्तकींनी दोघांना उठवलंही होतं. तिच्या डोक्यावर जरीची ओढणी आली, त्याच्या डोक्यावर टोपी. बाकी सगळ्यांचे मोबाईल वर झाले. सगळ्यात पुढं टूरवरचेच, धर्माबादचे दुकानदार दगडोबाकाका!

"काका, नका ना काढू!" ढोलापुढं तिचं कोण ऐकणार?

"भिऊ नका," आदर्श कुजबुजला. "मला नाचता येत न्हाई. नुसतं गोल फिरू."

दोघं गोल फिरले. एक क्षण, अगदी एकच क्षण, ती सगळं विसरली.

टेबलाशी परत येऊन बघते तर काकांनी काढलेला व्हिडिओ दुकानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. त्या ग्रुपमध्ये आबाही होते.

"माझं दुकान गेलं..." तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मी सांगतो त्यांना, चूक झाली म्हणून." मग तो अडखळला. "चूकच ना? मला तर... तशी वाटली न्हाई."

ती काही बोलणार तोच फोन वाजला.

"कोण हाय तो पोरगा?" आबांचा आवाज.

"औशाचा हाय, आबा. मला वाटलं केळी विचारून राहिलेत, म्हणून हाव म्हणले."

"म्हणजे चुकून म्हणलीस?"

नुसतं हो म्हटलं की सुटका होती. चावी वाचत होती. आदर्श मान खाली घालून बसला होता, टोपी काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"पहिल्यांदा चुकून म्हणले, आबा. आता कुणी विचारलं, तर... समजून उमजून म्हणीन."

आबा म्हणाले, "दे त्याला फोन."

आदर्श उभा राहून बोलला. "हाव जी... न्हाई जी... हाव जी." कपाळावरचा घाम कानाशी आला. त्यानं फोन खाली ठेवला.

"काय म्हणले?"

"लई रागात हायत. पोरीला म्हणावं, सोमवारी दुकान वेळेवर उघड."

तिनं डोळे मिटले. "आणि?"

"मला म्हणले, वडिलांना घेऊन मुदखेडला या... केळी खायला."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

त्यानं पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

"हाव."