नऊ नंबरची खोली, माणसं चारच

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. पण जिच्यावर ती बेतली, ती माझी सख्खी मावशी आहे आणि तिला थापा मारता येत नाहीत. आयुष्यात एकदाच तिने खोटा आकडा सांगितला. त्याचीच ही गोष्ट.

मावशी बसमध्ये कंडक्टर होती. माणसं मोजणं हा तिचा धंदा. भरलेल्या गाडीत मागून पुढे एकदा हात फिरवत जायची आणि आकडा सांगायची. एकाने इकडे नाही, एकाने तिकडे नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तिची बोटं आपोआप हलायची, आणि काका म्हणायचे, "अगं, इथे कोणाला तिकीट फाडायचं नाहीये."

बावीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ. डोंगरातला रस्ता, धो धो पाऊस. काकांच्या बहिणीला भेटून सगळे परत निघाले होते. काकांच्या गॅरेजमधली जुनी गाडी आणि तिच्यात सहा माणसं. काका, मावशी, काकांची आई, आणि तीन मुलं. थोरली तेरा वर्षांची. मधला आठ वर्षांचा, अखंड बडबड्या. डोक्यात उवा झाल्या म्हणून मावशीने आदल्याच आठवड्यात त्याचा चकोट केला होता. आणि धाकटी, पाच वर्षांची, गोंड्याची लोकरीची टोपी घातलेली.

धाकटीच्या अंगात ताप होता. दुपारपासून चढतच चालला होता.

पुढे दरड कोसळली. मागे पूल बंद झाला. मधल्या वस्तीत तीन हॉटेलं होती. दोन गच्च भरलेली. तिसऱ्यात एकच खोली शिल्लक होती. दुसऱ्या मजल्यावर, टोकाला. नऊ नंबर.

मॅनेजर म्हातारा होता. त्याने काचेतून गाडीकडे पाहिलं. म्हणाला, "किती जण?"

"सहा. पण तीन तर लहानच आहेत."

"नऊ नंबरमध्ये चारच."

"अहो, धाकटी पाच वर्षांची आहे, तिला ताप आहे. आमच्या गाडीत एवढ्याला अर्धं तिकीट."

"इथे डोकी मोजतात, बाई. चारच."

काकांनी जास्त भाडं देऊ केलं. त्याने हात जोडले. "नियम माझा असता तर कधीच मोडला असता. दोघांना इथे खाली झोपू द्या. मी गाद्या घालून देतो."

खाली म्हणजे दारासमोर. दाराच्या फटीतून वारा भणाणत होता. तापाच्या पोरीला तिथे झोपवायची? आणि पोर आईशिवाय क्षणभर राहणार नव्हती. मावशीने मनाशी हिशेब केला. चव्वेचाळीस जागांच्या गाडीत तिने सत्तर माणसं बसवलेली. खोली ती काय, आणि दोन पोरं ती काय!

ती म्हणाली, "ठीक आहे. त्या दोघांना ओळखीच्यांकडे पाठवते. इथे जवळच आहेत."

मॅनेजरने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग रजिस्टर पुढे केलं. मावशीने स्वतःच्या हाताने लिहिलं... चार.

किल्ली देताना तो म्हणाला, "वर कोणी दाराशी येऊन विचारलं, किती जण, तर खरा आकडा सांगा. एवढं लक्षात ठेवा."

मावशीला वाटलं, म्हातारा तपासणीला माणूस पाठवणार. तिने तपासनीस काय कमी पाहिले होते?

मधला आणि धाकटी गाडीत चादरीखाली लपली होती. धुण्याचे कपडे नेतात त्या मागच्या जिन्याने तिने त्यांना वर आणलं. दार लावलं आणि सगळ्यांना समोर बसवून घोकून घेतलं.

"कोणीही विचारलं, किती जण, तर काय सांगायचं?"

"चार!" मधला सगळ्यात मोठ्याने ओरडला. त्याला गंमत वाटत होती.

"आणि दार वाजलं की तुम्ही दोघं?"

"बाथरूममध्ये!"

आजी तेवढी कुरकुरली. "सूनबाई, घरातलं माणूस घरात असताना नाही म्हणू नये गं."

"आई, एका रात्रीचा प्रश्न आहे," मावशी म्हणाली.

पाच वाजता दार वाजलं.

दोन्ही पोरं पळत बाथरूममध्ये गेली. बाथरूमला खिडकी नव्हती. वर हाताएवढी जाळी तेवढी होती.

बाहेरून आवाज आला. हळू, सभ्य. बाईचा की पुरुषाचा, मावशीला आजही सांगता येत नाही.

"किती जण?"

"चार," मावशी म्हणाली आणि तिने दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. लांबलचक बोळ रिकामा होता. पाऊस एवढा पडत होता, पण फरशीवर एक ओला ठसा नाही.

पोरं बाहेर आली. मधला पलंगाच्या कडेला बसला. बसून राहिला. खिडकीतून काय दिसतं, गाडी कधी सुटेल, भूक लागली... काहीच नाही. ज्याचं तोंड झोपेतही बंद नसायचं, तो गप्प होता. दमला असेल, असं मावशी स्वतःला म्हणाली.

सहाला पुन्हा दार वाजलं.

"किती जण?"

या वेळी काका बोलले. "चार हो, चार. किती वेळा सांगायचं?"

पुन्हा बोळ रिकामा.

मावशी दार लावून वळली, तर काका पाव वाटत होते. त्यांनी एका पावाचे चार तुकडे केले. आईला, थोरलीला, मावशीला, स्वतःला.

"अहो, पोरांना?"

काकांनी मान वर केली. पलंगाच्या कडेला बसलेल्या मधल्याकडे, टोपीतल्या धाकटीकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"हो की," ते म्हणाले. "विसरलोच."

 तिने धाकटीला कुशीत ओढलं. अंग फणफणलं होतं. तेवढंच बरं वाटलं. ताप का होईना, पोर आहे.

सातच्या सुमाराला दिवे गेले. आणि दार वाजलं.

काही कळायच्या आत धाकटी कुशीतून निसटली. शिकवल्याप्रमाणे दोन्ही पोरं बाथरूमकडे पळाली.

"किती जण?"

मावशी तोंड उघडणार, एवढ्यात काळोखातून काका, आजी आणि थोरली एका सुरात म्हणाले...

"चार."

बाथरूमचं दार आपोआप बंद झालं. अगदी हळू.

मावशीने झडप घालून ते उघडलं. हात फिरवला. भिंत, बादली, नळ. पुन्हा भिंत.

बाथरूम रिकामं होतं.

"अहो! पोरं!"

"थोरली इथे आहे की," काका म्हणाले. "कोणाला शोधतेस?"

"मधला! धाकटी!"

 थोरली घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आई, मला कुठे भावंडं आहेत?"

मावशी धावत सुटली. जिना कसा उतरली, तिला आठवत नाही. मॅनेजर कंदील लावून बसला होता. तिने त्याच्यासमोर रजिस्टर ओढलं.

"सहा! आम्ही सहा आहोत! खोडा ते चार!"

त्याने पेन उचललंच नाही.

"मी खोटं बोलले. माझी चूक झाली. मला काय शिक्षा करायची ती करा. माझी पोरं द्या हो!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हटलं होतं ना, बाई, खाली गाद्या घालतो म्हणून. तुमच्याआधी कितीतरी जणांनी हेच केलं. खोली चारच ठेवते. जास्तीचे कुठे जातात, मला ठाऊक नाही. अंधार पडल्यावर मी वर जात नाही."

"म्हणजे ते आतच आहेत?"

"असतील."

कंडक्टर बाईला एवढं पुरे होतं. जास्तीची माणसं आत अडकली असतील, तर काय करायचं, हे तिला कोणी शिकवायला नको. आधी गाडी रिकामी करायची.

ती वर आली. काकांना, आजीला, थोरलीला हाताला धरून बोळात काढलं. सामानातून तिकिटं पंच करायचा चिमटा काढला. सुट्टीतही तो तिच्या पिशवीत असायचा. दाराच्या चौकटीत एका कडेला ती उभी राहिली, जशी गाडीच्या पायरीशी राहते. चिमटा चौकटीवर वाजवला. टिक टिक. टिक टिक.

"शेवटचा स्टॉप!" ती रिकाम्या खोलीत ओरडली. आवाज फाटला होता. "सगळे उतरा! सावकाश, एकेक जण! पुढे गाडी जाणार नाही!"

आत काही हललं नाही.

मग... पलंगाची स्प्रिंग वाजली.

मग पावलं.

तिच्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. सवयीने तिचा हात डोक्यावर पडला. एक. उंच माणूस होता, केस ओलेचिंब. दोन. म्हातारीचे विरळ केस. तीन. चार. गार वाऱ्याची झुळूक यावी तशी ती माणसं बाहेर जात होती. मागे भिंतीला टेकलेल्या काकांना काही दिसत नव्हतं.

पाच. सहा. कोणाच्या तरी वेण्या. सात. तान्हं बाळ, कोणाच्या तरी कडेवर.  मोजणी थांबवली तर चुकेल, एवढंच तिला कळत होतं.

आठ. टोचरं डोकं. नुकतंच चकोट केलेलं!

तिने मधल्याची मानगूट पकडून त्याला आपल्या पायांशी दाबलं.

नऊ. दहा. तिची नव्हेत.

अकरा. लोकरीची टोपी. वर गोंडा.

तिने ती पोर उचलली, छातीशी घट्ट धरली आणि लाथेने दार लोटलं. किल्ली फिरवली.

दिवे आले.

कडेवर धाकटी होती. तेच डोळे, तोच फ्रॉक, तीच टोपी. पायांशी मधला होता आणि भोकाड पसरून रडत होता. काका म्हणाले, "अरे, तुम्ही दोघं होता कुठे?" जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. आजीने धाकटीच्या कपाळाला हात लावला.

"ताप उतरला गं बाई," आजी म्हणाली.

कपाळ गार होतं. अगदी गार.

आणि तेवढ्यात, बंद दाराच्या आतून, अगदी खालून, पाच वर्षांच्या पोरीची उंची असते तिथून, आवाज आला...

"आई, मी राहिले."

मावशीने कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. तिचं तोंड बंद होतं.

"आई, थंडी वाजतेय."

तो आवाज फक्त मावशीने ऐकला. ती सगळ्यांना घेऊन खाली आली. सहा जण रात्रभर खालच्या गाद्यांवर बसून होते. सकाळी रस्ता सुटला. निघताना तिने रजिस्टरमधला चार खोडून सहा लिहिला. म्हाताऱ्याने पोरीकडे पाहिलं.

"हिला ताप होता ना?"

"उतरला," मावशी म्हणाली.

त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

हे मावशीने मला मागच्या महिन्यात सांगितलं. आता ती निवृत्त आहे, काका राहिले नाहीत. धाकटी सत्तावीस वर्षांची आहे. आईला जिवापाड जपते. तिच्यासारखी गुणी मुलगी आमच्या घरात दुसरी नाही. त्या दिवसापासून आजवर तिला एकदाही ताप आलेला नाही.

मी विचारलं, "मावशी, तू दार का नाही उघडलंस?"

 ती म्हणाली, "मला दोन हवे होते, दोन मिळाले होते. मोजणी बरोबर होती. दार उघडलं असतं तर दोघी समोर उभ्या राहिल्या असत्या. मग मला निवडावं लागलं असतं, एकीला परत आत ढकलावं लागलं असतं."

"तू आई आहेस. तुला ओळखता आली असती."

"तेच तर," ती म्हणाली. "ओळखता आली असती."

एवढ्यात धाकटी आतून औषधाची गोळी आणि पाणी घेऊन आली. आईच्या खांद्यावरची शाल नीट केली. तिचा हात माझ्या हाताला लागला. गार होता.

मावशीने निमूटपणे गोळी घेतली. धाकटी आत गेल्यावर मावशीचे डोळे दाराच्या कडीवर खिळले. बावीस वर्षं झाली, ती घरातलं कुठलंच दार आतून लावू देत नाही.