पदराआडची छबू

घमेलं छबूच्या हातातच राहिलं. रांगेतली पुढची बाई दोन पावलं मागं सरली होती... तेवढ्यात मधल्या रिकाम्या जागेत कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"द्या इकडं."

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीजवळच्या पाझर तलावाच्या कामावर कानिफनाथ त्याच दिवशी आला होता. घमेलं घेताना त्याची बोटं तिच्या पांढऱ्या बोटांना लागली. छबूनं ओठांवरचं कोड झाकायला पदर ओढला.

"लागतं म्हनत्यात ह्ये," ती पुटपुटली.

"लागू द्या की. जोडी जमंल."

पदराआड छबू हसली... कोड उठल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग रोज तो तिच्याच शेजारी. एका दुपारी तिच्या वाट्याची सुकडी तशीच राहिलेली त्यानं पाहिली.

"खात का न्हाई?"

"जात न्हाई. झोप बी न्हाई." ती थांबली. "मागं एकदा विहिरीवर गेल्ते... परत यायचं नव्हतं. आईनं हाक मारली म्हनून मागं फिरले."

तो तिच्याजवळ खाली बसला.

"ह्ये डॉक्टरला सांगायचं. मी येतो संगं."

"कोडाची औषधं लई झाली."

"कोडासाठी न्हाई. झोपंसाठी."

छबूच्या आईला घेऊन तिघं एस.टी.नं नगरला गेली. डॉक्टर म्हणाले, "कोड लागत नाही. पण मन असं खचणं हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत." छबू दर महिन्याला जात राहिली. झोप येऊ लागली. काही दिवस तरीही वाईट जायचे; त्या दिवशी ती त्याला तसं सांगायची.

चैत्रात त्यानं विचारलं, "लगीन करशील... माझ्याशी?"

"दया आली व्हय?"

"दया आली असती, तर रोज तुझ्या हसन्याची वाट कशाला बघितली असती?"

छबू लाजली, पण म्हणाली, "तुमच्या आईला मीच इचारनार."

दुसऱ्या दिवशी ती पदर खांद्यावर घेऊन, तोंड न झाकता त्याच्या दारात उभी राहिली. त्याची आई, दगडाबाई, तिच्याकडं बघतच राहिली.

"अंगभर पसरलं तर गं?"

"पसरंल बी. पन मी आता जेवते, झोपते, कामाला येते. कधी मन बिघडलं तर सांगते, लपवीत न्हाई. तुमाला नको असंल तर तोंडावर सांगा."

दारामागं कानिफ श्वास रोखून उभा होता.

दगडाबाई आत गेली, आणि परात घेऊन आली. ती छबूच्या पुढं सरकवत म्हणाली,

"घरात आमी दोघं. तू तिघांपुरतं पीठ मळ."