फेब्रुवारीचं पत्र

“मेलेल्यांची भांडणं वाचून कुणाचं पोट भरलंय का गं?”

ग्लासगोच्या घरात पंधरा वर्षांपूर्वी, इतिहास शिकायचा हट्ट धरल्यावर ऐकलेला बाबांचा आवाज वरदाला आज पुन्हा ऐकू आला. केंब्रिजच्या खासगी ग्रंथालयाने तिचं कार्ड काढून घेतलं होतं. एक जुनं पत्र गायब होतं आणि सही करून ते शेवटचं तिनेच घेतलं होतं. सोमवारपर्यंत सापडलं नाही, तर फेलोशिप जाणार होती.

खासगी गुप्तहेर सुलक्षणा हॅरोहून पहिल्या ट्रेनने आली, सोबत तिचा मित्र विनय.

“पत्र कसलं?”

“अमेरिकेतल्या वसाहतीच्या कस्टम्स अधिकाऱ्याचं. दहा फेब्रुवारी १७३३. आपण पकडलेलं चोरट्या मालाचं जहाज गव्हर्नरने नोव्हेंबरात सोडून दिलं, अशी लंडनला तक्रार. गव्हर्नरचा तो हुकूमही त्याच खोक्यात आहे, नोव्हेंबर १७३३चा.”

विनयने सगळं वहीत टिपलं.

ग्रंथपालबाई ठाम होत्या. “कागदावर जे साल, त्याच सालाच्या खोक्यात कागद. आमचा नियम. १७३३चं खोकं तीनदा पाहिलं.”

गव्हर्नरांची बाजू मांडणारा संशोधक अपूर्व हसला. “मी कशाला चोरू? फोटो सगळ्यांकडे आहेत. आणि वरदाचा प्रबंध काही एवढा थ्रिलिंग नाहीये हं! पहिली चाळीस पानं नुसती जुन्या इंग्रजी कॅलेंडरवर!”

शेवटी वरदाचे वडील. निवृत्त डॉक्टर शशिधर हल्ली लेकीजवळ राहायचे आणि इथे व्हॉलंटियर म्हणून कागद लावायचे.

“मला तिच्या इतिहासातलं ओ की ठो कळत नाही हो,” ते खाली बघत म्हणाले. “ते चौतीसचं पत्र मी वाचलेलंही नाही.”

बाहेर येताच विनय म्हणाला, “अपूर्वच! काकांना बिचाऱ्यांना सालसुद्धा धड आठवत नाही.”

“त्यांनाच नीट आठवतंय,” सुलक्षणा म्हणाली.

तिने सगळ्यांना बोलावलं आणि १७३४चं खोकं उघडायला लावलं. पत्र तिथेच होतं. शेवग्याच्या पिकल्या पानासारखं पिवळं, अलगद.

“विनय, तुझी वही काढ. फेब्रुवारीतला माणूस त्याच वर्षीच्या नोव्हेंबरची तक्रार कशी करेल? त्या काळी इंग्रजांचं नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं, म्हणून नोव्हेंबरनंतरचा फेब्रुवारीही त्यांच्या लेखी तेहतीसच. म्हणजे आपल्या हिशेबाने पत्र चौतीसचंच. पण नियम कागदावरच्या सालाचा, आणि तो वरदाला, अपूर्वला पाठ आहे. पत्र ‘योग्य’ सालात हलवणारा माणूस नवशिका हवा. आणि कॅलेंडरची ती चाळीस पानं वाचलेला. चौतीस म्हणणारा तर इथे एकच माणूस होता.”

सगळ्यांच्या नजरा वळल्या.

“बाबा, तुम्ही? मग बोलला का नाहीत?”

“माझी चूक कळली, तोवर खोक्यांच्या कपाटाला सील लागलं होतं गं, पत्र परत जागेवर ठेवता येईना. आणि सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, लेकीला वाचवायला बापाने बनाव रचला.” डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तेवढंच नाही. मग हेही सांगावं लागलं असतं…”

“काय?”

“तुझा प्रबंध मी तीनदा वाचलाय, वरदे. गव्हर्नरपुढे न वाकणारा तो अधिकारी आला, की दर वेळी तूच दिसायचीस.” त्यांनी मान ताठ केली. “आणि गव्हर्नर मी. हरलेला, पण काय ऊर भरून आलेला!”