पंख्याचं माप

लकडगंजमधल्या माझ्या वर्कशॉपात आता फारसं काम येत नाही. पाण्याच्या मोटरी, एखादा जनरेटर. वय सत्तरीला टेकलं, तरी रोज सकाळी प्रताप नगरहून स्कूटरवर येतो, शटर उघडतो आणि बसतो. गेल्या मे महिन्यात एका मंगळवारी दारात टेम्पो थांबला. त्यातून पस्तिशीची एक बाई उतरली. मागे ताडपत्रीखाली बोटीचं जुनं पेट्रोल इंजिन होतं, गिअरबॉक्ससकट.

"गिरिधरकाकाजी ना? मी सरिता. कन्हानच्या नत्थूजीची पोरगी."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

नत्थूजी कन्हान नदीवर एका ठेकेदाराची लाँच चालवत. पलीकडच्या गावांतली माणसं बाजाराला आणायची, संध्याकाळी परत सोडायची. पंचवीस वर्षांपूर्वी पुराच्या पाण्यात ती लाँच मधोमध बंद पडली आणि पुलाच्या खांबावर आदळून बुडाली. अकरा उतारू वाचले. नत्थूजी खाली इंजिनापाशी हँडल मारत राहिले होते. ते वर आलेच नाहीत.

"ठेकेदार वारले. त्यांच्या पोरानं गोदाम खाली केलं आन् बाबाच्या लाँचचं हे इंजिन आमच्या दारात आणून टाकलं," सरिता म्हणाली. "गोव्यातला एक जण जुन्या बोटी दुरुस्त करते, त्याले पाहिजे. तो म्हणते, गिअरचं प्रमाण सांगा, पंखा किती इंचाचा लागते ते सांगा. मले काय समजते त्यातलं? बाबा नेहमी म्हणायचे, गिरिधरसाहेबाइतकं पक्कं कोणी सांगत नाही."

बोटीच्या पाण्याखालच्या पात्यांना आम्ही पंखा म्हणतो. इंजिनाच्या किती फेऱ्यांना पंखा किती फिरतो, यावर त्याचं माप ठरतं. इंजिनाचे दोन फेरे आणि पंख्याचा एक, असं असेल तर मोठा पंखा चालतो. फरक त्याहून कमी असेल तर लहानच हवा. नाहीतर इंजिनावर बोजा येतो आणि ओढीच्या पाण्यात ते गुदमरतं. प्रमाण ओळखायची रीत सोपी आहे. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, खडूची एक खूण, पंखा फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर दुसरी. गिअर टाकायचा, हातानं फिरवायचं, मोजायचं. दहा मिनिटांचं काम.

लाँच बुडाली त्या वर्षी मी ती दहा मिनिटं दिली नव्हती. गिअरबॉक्सवरची प्रमाण कोरलेली पट्टी रंगाखाली गेली होती. ठेकेदार म्हणाला दोनास एक, म्हणून मी नत्थूजींच्या लाँचला अठरा इंची पंखा बसवला. नत्थूजी दोनदा आले होते. "साहेब, एक डाव मोजून पाहा ना. इंजिन धापा टाकून राहिलं." मी म्हणालो होतो, "तुम्ही सुकाणू सांभाळा." आणि चौकशीत मी लिहून दिलं, की यंत्र व पंखा योग्य होते, चालकाने इंजिनावर फाजील ताण दिला. खाली सही केली.

"गावात अजून आम्हाले लाँच बुडवणाऱ्याचे म्हणते," सरिता जाता जाता म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. मी गुरुवारी या म्हणालो आणि तिच्याकडे पाहिलं नाही.

इंजिन पूर्ण जाम होतं. प्लग काढून आत रॉकेल सोडलं. पहारीनं जोर लावला, फ्लायव्हील केसभरही हललं नाही. असं इंजिन सुटायला आठवडा लागतो, कधी सुटतही नाही. मला बरंच वाटलं.

बुधवारी दुपारी पंचेचाळीस डिग्री होतं. पत्रा तापून कडकडत होता. मी इंजिनावर हात ठेवला आणि काढून घेतला. लोखंड गार होतं, माठासारखं. बाहेरून पाणी सुटलं होतं. फडक्यानं पुसलं. चहा घेऊन आलो तर पुन्हा ओलं.

गुरुवारी सकाळी फ्लायव्हील दोन बोटांनी फिरलं.

मी खुणा केल्या, गिअर टाकला आणि वीस फेरे मोजले. दोनास एक असतं तर शाफ्ट दहा फिरला असता. तो तेरा फिरून वर एक तृतीयांश फिरला. दीडास एक. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. या इंजिनाला पंधरा इंची पंखा हवा होता.

सरिता अकराला आली. ती स्टुलावर बसली. मी कागद घेतला आणि माझ्या हातानं लिहिलं: गिअर दोनास एक, पंखा अठरा इंच. का लिहिलं, ते सांगायची आजही लाज वाटते. जुनी सही राखायची होती, एवढंच.

कागद तिच्या हातात दिला. मागे काहीतरी हललं.

फ्लायव्हील फिरत होतं. सावकाश, आवाज न करता, मोजताना माणूस फिरवतो तसं. जवळ कोणी नव्हतं.

"काकाजी, हे काहून फिरून राहिलं?"

मी मोजत होतो. वीस फेऱ्यांवर ते थांबलं. शाफ्टची खूण तेराच्या पुढे, एक तृतीयांशावर.

थोडा वेळ गेला. ते पुन्हा सुरू झालं.

तिसऱ्यांदा सरिताही शाफ्टचे फेरे मोजू लागली, पुटपुटत. बारा. तेरा. मग तिनं हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"थांबव," मी म्हणालो. कोणाला म्हणालो, माहीत नाही. "चूक माझी होती. मी मोजलं नव्हतं. नत्थूजींनी दोनदा सांगितलं होतं."

ते थांबलं.

मग मी सगळं सांगितलं, चौकशीतल्या सहीसकट. सरिता रडली नाही. म्हणाली, "लिहून द्या."

मी दोन पानं लिहून दिली, नाव, तारीख, सही. खरं प्रमाण, खरं माप आणि मी काय केलं होतं ते. तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवली. इंजिन टेम्पोत चढवताना तिनं माझा हात लागू दिला नाही.

संध्याकाळी सहाला तिचा फोन आला.

"मायले वाचून दाखवलं, काकाजी. तिनं पुरं ऐकलंच नाही. म्हणे, माहीत आहे मले, दुपारीच सांगून गेले ते. साहेबानं मोजलं म्हणे. जेवून गेले."

मी म्हणालो, आईंचं वय झालं आहे.

"मीही तेच म्हटलं. पण ओट्यावर एक खरकटं ताट आहे. मायचं ताट धुऊन वेगळं ठेवलं आहे तिनं. अन् याच्यातल्या भातात वाळू आहे, काकाजी. ओली."