बाबांचा आवाज असेपर्यंत

वाइनच्या दुकानात ती शिरली ती निव्वळ सावलीसाठी. बाहेर ऊन भाजून काढत होतं, आणि हॉस्पिटलमधून ती पायीच निघाली होती.

"काय देऊ?" काउंटरमागच्या तरुणानं विचारलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "रविवारी आमच्या अंगणात बार्बेक्यू आहे. घरचीच माणसं, पण पुष्कळ. स्वस्तातलं काहीतरी द्या."

"सोबत खायला काय?"

"मांस."

"कुठलं?"

"मेलेलं."

तो खळखळून हसला. तिलाही हसू फुटलं – कितीतरी दिवसांनी.

"मग ऐका. कोंबडीला मसाला झणझणीत असेल तर ही गोडसर पांढरी. तिखटाचा तोरा उतरवते. सॉसेजबरोबर ही हलकी लाल, पण बर्फात ठेवून."

"लाल कुणी गार करतं का?"

"उन्हाळ्यात करावी. आणि महागडीच्या नादी लागू नका, धुरापुढे तिची ऐट चालत नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं. नजर जरा जास्तच रेंगाळली... "यजमानांना काय आवडतं?"

"बाबांना?" तिचा आवाज चिरकला. "त्यांच्या घशाखाली आता काही उतरत नाही. सोमवारी ऑपरेशन आहे, स्वरयंत्रच काढणार आहेत. त्याआधी त्यांना सगळ्यांशी एकदा बोलून घ्यायचंय."

तो वळला. मग मागच्या फळीवरून त्यानं एक गुलाबी वाइन काढली. "वास तर घेता येईल ना? ही त्यांच्यासाठी."

शुक्रवारी ती पुन्हा दुकानात हजर. गोडसर बाटली बदलून हवी होती म्हणे.

"हिला काय झालंय?" त्यानं बाटली उजेडात धरली.

"ते... आता आठवत नाही."

"बरं –" तो गालातल्या गालात हसला. "मग रविवारी मीच येऊन बघतो. कोळसे बरे पेटवतो मी."

आला, आणि कोळसे खरंच बरे पेटवले. बाबांनी जन्मभर बस चालवली होती. त्यांची हाक शेवटच्या सीटपर्यंत जायची. आता शब्द घशातून खरवडून निघत होते. तरी ते प्रत्येकाला जवळ बोलावत होते. ज्या आत्याशी वर्षानुवर्षं अबोला होता, तिला म्हणाले, "चुकलो गं मी." आत्या पदरात तोंड लपवून रडली. मामाला मात्र करपलेल्या कोंबडीवरून झापलं. गुलाबी वाइनचा ग्लास नाकाशी धरून ते डोळे मिटून बसले. "छान आहे," म्हणाले. "कुणी निवडली?"

तिनं शेगडीकडे बोट दाखवलं. बाबांनी त्याला हाक मारली.

"पोरीवर जीव आहे का रे तुझा?"

आत्यानं पदरातून मान वर काढली.

"बाबा!" ती ओरडली. "असं विचारतात का कुणाला?"

"उद्यापासून विचारता येणार नाही," बाबा म्हणाले. "म्हणून आजच विचारतोय."

त्याचे कान लाल झाले. हातातला चिमटा त्यानं खाली ठेवला. "आहे," तो म्हणाला.

सोमवारी बाबांना आत नेलं. ते शुद्धीवर आलेच नाहीत, ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. डॉक्टर बाहेर येऊन हळू आवाजात बरंच काही सांगत राहिले. तिला फक्त पहिलंच वाक्य ऐकू आलं. मामा फोन करायला जिन्याकडे गेला. ती बाकावर बसून राहिली. दुकान बंद करून तो धावतपळत आला आणि शेजारी टेकला.

ती म्हणाली, "एक खरं सांगशील? बाबांचं मन राखायला म्हणालास ना काल?"

"नाही."

"नुसतं नाही?"

"आत्ता जास्त बोललो तर तुला वाटेल, समजूत घालतोय."

तिनं मान हलवली. नर्सनं दार उघडून विचारलं, बघायला कोण येतंय. ती उभी राहिली, पण पाऊल उचलेना.

"मला जमणार नाही रे..."

"चल. मी आहे."

दारापाशी तिनं त्याचा हात घट्ट धरला. आत चादरीखाली बाबा दिसले, आणि तिला हुंदका आवरेना.

"माझाही आहे," त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली. "माझाही जीव आहे तुझ्यावर... बाबांना ऐकू गेलं असेल का?"

तिचा हात धरून तो तिला पलंगाजवळ घेऊन गेला.