फळ्यावरचा पडदा

"मला दया नको, चोर हवाय," खुर्चीत न बसताच सुलक्षणा म्हणाली.

खासगी गुप्तहेर अल्फान्सोनं चहाचा कप खाली ठेवला. त्याचा मित्र दशरथ मात्र बिस्कीट बुडवतच राहिला.

मरोळ गावठाणात राजाराम मास्तरांचा इंग्रजीचा वर्ग होता. पोरं हमखास आपटतात ती क्रियापदं मास्तरांनी परीक्षेला काढली होती: 'लाय' की 'ले', 'राइज' की 'रेझ'. पहिल्या येणाऱ्याची सांताक्रूझला टायपिस्टच्या जागेसाठी शिफारस होणार होती. काल, गुड फ्रायडेच्या सकाळी, मास्तरांनी प्रश्न फळ्यावर लिहिले, वर चादर टांगली आणि कुलूप लावलं. आज सकाळी चादर उलटी टांगलेली होती. मास्तरांनी मुद्दाम ते न दाखवता परीक्षा घेतली. सुलक्षणा पहिली आली, मास्तरांचा पुतण्या चंद्रप्रकाश दुसरा. मग मास्तरांनी सुलक्षणाकडे बोट दाखवलं. किल्ल्या दोनच होत्या: एक मास्तरांच्या घरी, एक वर्ग झाडणाऱ्या सुलक्षणाकडे. गिरणी कामगाराच्या पोरीला इतकं येतंच कसं, हा खरा आरोप होता.

"कसं येतं गं तुला?" दशरथनं विचारलं.

"उठणं आणि उठवणं. आपल्या भाषेत आहे तेच की! माझं मीच शोधलं."

तिघं वर्गात पोचले. तिथे बाक-खुर्ची काही नव्हतं, नुसत्या सतरंज्या होत्या. सुलक्षणानं टाचा उंचावल्या, तरी चादरीच्या खिळ्याला हात पोचेना.

"रोज स्टुलावर चढते," ती म्हणाली.

"स्टूल काल मी चर्चमध्ये नेलेलं," शेजारीच राहणाऱ्या, वर्गाच्या घरमालकीण नॅन्सीबाई म्हणाल्या. "मास्तर कुलूप लावत होते तेव्हाच. आज सकाळी मास्तरांनी दार उघडल्यावरच परत आणलं."

बाहेरून एक म्हातारा लाकडी फळी खटखटवत गेला.

"हे काय रे?" दशरथनं विचारलं.

"प्रार्थनेची हाक," अल्फान्सो म्हणाला.

चंद्रप्रकाश याच गल्लीत काकांकडे राहायचा. दारातून वाकून तो आत आला.

"काल मी घरी झोपलेलो. दुपारी चर्चची घंटा झाली तेव्हा जाग आली. रोज तशीच येते ना!"

अल्फान्सोनं मास्तरांना बोलावलं.

"मास्तर, स्टुलाशिवाय ही चादर हिच्या हाताला लागत नाही, आणि स्टूल चर्चमध्ये होतं. उरली तुमच्या घरची किल्ली, आणि त्या घरातला उंच माणूस."

"मी झोपलो होतो!" चंद्रप्रकाश ओरडला. "घंटा झाली तेव्हा..."

"गुड फ्रायडेच्या शोकात गुरुवार रात्रीपासून घंटा मुकी आहे, यार. आज रात्रीपर्यंत लाकूडच वाजणार. दशरथ, मघाशी ऐकलंस ना? रोजच्या सवयीनं हा न वाजलेली घंटा ऐकून बसला. घरी असता तर खटखट ऐकली असती. हा इथे दार लावून प्रश्न पाठ करत होता, आणि घाईत चादर उलटी टांगली."

चंद्रप्रकाशची मान खाली गेली. "काका, नोकरी घरातच राहिली असती," तो पुटपुटला.

मास्तरांनी घसा साफ केला. "झालं गेलं विसर, पोरी. मनात शंका नको म्हणून नवे पाच प्रश्न सोडव. मग शिफारस तुझीच."

"शंका तुमच्या मनात आहे, मास्तर. माझी परीक्षा झालीय. शिफारस आत्ता लिहा, सगळ्यांसमोर."

मास्तरांनी दोनदा नॅन्सीबाईंकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मास्तरांनी पेन उघडलं.

शाई वाळेपर्यंत सुलक्षणा थांबली. मग तिनं किल्ली मास्तरांपुढे ठेवली आणि कोपऱ्यातली केरसुणी चंद्रप्रकाशच्या हातात दिली.

"उद्यापासून तू झाड. उंच आहेस ना, जळमटंही काढ."